गंज उतरलेली बंदूक

१८ जुलै २०१४ रोजी नागोरावांनी हैदराबादच्या एका गोदामात चार हजार सहाशे पंचवीस रुपये मोजून एक बंदूक घेतली, आणि ती उडत नाही हे लोकांना समजावण्यात त्यांची पुढची अकरा वर्षं गेली.

बंदूक लाकडी होती, नळीला पाण्याचा पाइप. दुसऱ्या महायुद्धावरच्या एका सिनेमासाठी बनवलेली, शूटिंग संपल्यावर भंगारात निघालेली. तिचं खरं मोल रंगात होतं. कुणा पेंटरने दस्त्यावर वाळलेला चिखल आणि नळीवर गंज असा उठवला होता, की हात लावला तर बोटं लाल होतील असं वाटे. बोथ गावात जळक्या मोटरींचं रिवाइंडिंग करायचं दुकान चालवता चालवता नागोरावांनी असे नऊ नग जमवले होते. पिस्तुलं, रबरी संगिनी, एक पोकळ हातबाँब. सगळे घरी लोखंडी कपाटात, जुन्या धोतरांत गुंडाळलेले.

"उडत नाही? मंग माकडं तरी भेतात का?" मोटर न्यायला आलेला शेतकरी धोंडीबा दर हंगामात विचारी.

"नाही भेत."

"मंग काय कामाची, भाऊ?"

नागोराव त्याच्या हातात मोटरचं बिल ठेवत.

समजणारा माणूस एकच, नागपूरचे सुधाकरराव. रेल्वेतून निवृत्त, याच नादातले. त्यांच्याकडे सिनेमातलीच एक मशीनगन होती, तीन पायांच्या स्टँडवरची, लाकडी गोळ्यांच्या पट्ट्यासकट. तिचा फोटो पाहिल्यापासून नागोरावांना दुसरं काही सुचेना. सात वर्षांच्या विनवण्यांनंतर सुधाकरराव बंदुकीच्या बदल्यात ती द्यायला कबूल झाले. दसऱ्याला गाडी घेऊन येतो म्हणाले. अट एकच, मूळ रंगाला हात लागलेला नसावा.

घरात उजेड कमी, दुकानात सुधाकररावांना रंग नीट दिसेल, म्हणून नवमीला सकाळीच नागोरावांनी बंदूक दुकानात नेली, वाइंडिंग मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगली आणि ते तांब्याची तार आणायला शेजारच्या इचोडा गावी गेले.

खंडेनवमीला दुकानातलं सामान साफ करून पुजायचं काम त्यांच्या बायकोचं, कुसुमबाईंचं. पाने, पकडी, हातोडे, सगळं डिझेलच्या फडक्याने पुसायचं, तारेच्या घासणीने घासायचं, मग हळदकुंकू. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एक पेचकस सुटला नव्हता.

नागोराव परतले तेव्हा बंदूक नव्या खाटेच्या पायासारखी गुळगुळीत झाली होती. नळीवर हळदीची बोटं, दस्त्याला झेंडूची माळ.

"हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? किती मळली होती! अर्धा लिटर डिझेल गेलं. खांदे दुखून राह्यले माझे."

"अवं, तो मळ नव्हता, रंग होता!"

"मळाचा रंग? पैसे देऊन?"

"हो!"

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"अकरा वर्षं सांगून राह्यलो, हात लावू नको म्हणून!"

"ते कपाटातल्याले. दुकानातलं पुजू नको असं कोणत्या साली म्हणले तुमी?"

कोणत्याच साली म्हटलं नव्हतं, म्हणून नागोरावांचा आणखीच तिळपापड झाला.

"चिखलच पायजे ना? वावरात काय कमी हाय?" असं म्हणून कुसुमबाईंनी काळी माती कालवून आणली आणि दस्त्यावर थापली. दुपारच्या उन्हात तिचे पोपडे निघाले. सुधाकररावांना फोन करून खरं सांगायला हवं होतं. पण मशीनगन डोळ्यांपुढून हलत नव्हती. नागोरावांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून तपकिरी आणि काळ्या रंगाच्या डब्या आणल्या आणि दिवस मावळेपर्यंत गंज चढवत बसले.

दसऱ्याला सुधाकरराव अकरा वाजता पोचले. मशीनगन मागच्या सीटवर चादरीखाली होती. त्यांनी बंदूक घेतली, नळी नाकाशी नेली.

"नागोरावजी, हा गंज काल लागला का?"

उत्तर दिलं ते कुसुमबाईंनी. "दोन दिवस थांबा ना भाऊ, तुमाले पायजे तशी मळवून देऊ."

सुधाकररावांनी चहा घेतला, आपट्याची पानं दिली, घेतली आणि गाडी वळवली. चादर त्यांनी उचललीसुद्धा नाही.

हार्डवेअरवाल्याचे दोन डब्यांचे एकशे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.