नसलेला सिनेमा मी पाहिला त्याची गोष्ट

वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी काही वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. आठवड्यातून एक तास, तोही जेवणानंतरचा. पुस्तकातली नीती काढली की अख्खा वर्ग पेंगायचा, म्हणून मी सिनेमे धरले. दर तासाला एकाने एका सिनेमाची गोष्ट सांगायची, नायक पेचात सापडला की थांबायचं, आणि त्याने काय करावं ते वर्गाने ठरवायचं. पोरं तावातावाने भांडायची.

आता माझी खोड सांगते. मी शनिवार पेठेत वाढले. आमच्याकडे 'मला माहीत नाही' म्हणणं म्हणजे पाहुण्यांसमोर फाटका टॉवेल वाळत घालणं. कुणी कुठलाही सिनेमा काढला की माझं ठरलेलं, "पाहिलाय मी. ठीक आहे."

एकदा गावातलीच एक अबोल मुलगी उभी राहिली. म्हणाली, जुना सिनेमा आहे. दोन भावांची शेतं लागून. धाकट्याने थोरल्याच्या रानात हळूहळू बांध सरकवत नेला. थोरला वारला. आता दोन्ही रानं बिल्डरला जायची आहेत, आणि वहिनी दिरावर भरवसा ठेवून डोळे झाकून सही करणार.

"बांध सरकलाय हे फक्त धाकट्यालाच ठाऊक," ती म्हणाली. "सांगावं का त्यानं?"

हात वर होत होते, तेवढ्यात मी मान डोलावली. "पाहिलाय मी हा. छान आहे, शेवट तेवढा रेंगाळलाय." मॅडमनी निकाल दिल्यावर बोलणार कोण? हात खाली गेले आणि मुलगी बसली.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "मॅडम, असा पिक्चर नाय. ते आमच्या घरचं हाय, धाकटा म्हंजे माझे पप्पा. सोमवारी सह्या हायेत. पप्पांनी मला एकटीलाच सांगितलंय. त्यांना काय सांगावं कळंना, म्हणून वर्गाला विचारलं." मग म्हणाली, "तुम्ही शेवट पाहिलाय ना? मग तुम्हीच सांगा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला इतकी लाज वाटली की 'उद्या बोलू' एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांकडून त्यांच्या तासातली वीस मिनिटं मागून घेतली. वर्गाला सांगितलं, कालचा सिनेमा मी पाहिलेला नाही. त्याआधीचेही निम्मे नाहीत.

"आम्हाला माहितीये मॅडम," मागच्या बाकावरून आवाज आला. पोरं इतकी हसली की गणिताचे सर आत डोकावून गेले. मग मी तोच प्रश्न पुन्हा मांडला, मुलीच्या घराबद्दल अक्षरही न काढता. चांगली जुंपली. शेवटी 'गप्प बसावं' म्हणणारेच जास्त निघाले. मुलगी खाली मान घालून ऐकत होती, आणि मला वाटलं, झालं, आपणच तिच्या पप्पांना गप्प बसायची वाट दाखवली.

मंगळवारी ती जिन्यात भेटली. "वर्ग तर नको म्हणाला," मी चाचरत म्हणाले.

"वर्गाचं नाय सांगितलं पप्पांना. तुमचं सांगितलं. म्हटलं, मॅडमनी साठ जणांपुढं कबूल केलं, तुम्हाला एकट्या काकीपुढं करायचंय."

"मग?"

"बांध मागं घेतला. काकी अजून बोलत नाय आमच्याशी."