कोंड्याच्या मोलाची

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी सगुणाबाई उंबऱ्याशी बसून दहाही बोटांची नखं दगडावर घासायची. घासण्यासारखं काही नसायचंच. पण सुईण होती ती. बोलावणं केव्हा येईल याचा नेम नाही, आणि वाढल्या नखाने कोवळ्या जिवाला ओरखडा उठतो. पुढे, १९३४च्या सुमारास, नाशकातल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात जाऊ लागल्या. बोलावणी थांबत आली. नखं घासणं थांबलं नाही.

तिला नवरा उरला नव्हता. मूल झालंच नव्हतं.

तांबट आळीतल्या कुसाबाईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून पुढची मुलगी झाली तेव्हा तिला सुपात घालून सगुणाबाईच्या ओटीत दिलं आणि बदल्यात पसाभर कोंडा घेतला. कोंड्याच्या मोलाच्या पोरीकडे मरण ढुंकूनही बघत नाही म्हणतात. संध्याकाळी कुसाबाईने मूल परत नेलं, पण उसनं नेल्यासारखं. म्हणायचं सुइणीचंच. नाव ठेवलं कोंडा.

अशी पुष्कळ मुलं सगुणाबाईने विकत घेतली होती. घरात एकही राहिलं नव्हतं.

कोंडा पाच वर्षांची झाली आणि कुसाबाईला मुलगा झाला. एका संध्याकाळी आळीतली हातोड्यांची ठकठक थांबली, तोच कोंडा परकराचं गाठोडं घेऊन सगुणाबाईच्या दारात उभी.

"मी राहायला आले."

"का गं, आईने बदडलं वाटतं?"

"नाही. बाळ आईच्या पोटातून आलं. मी कोंड्यातून. आत्या म्हणाली. मग मी तुझीच ना?"

भाकरी थापणारा हात थांबला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. रीतच तशी, कुणी खोटं ठरवलं नसतं. घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू आला असता.

तिने पोरीला आधी भाकरी-दूध दिलं. खाणं होईपर्यंत नुसती बघत राहिली. मग तिचं बोट धरून तिच्याच बेंबीवर ठेवलं.

"इथे नाळ होती. तिने तू आईला बांधलेली होतीस. मी सोडवलं."

"आणि आई?"

"तिच्या आईला."

"सगळ्यात पहिली आई?"

"ते नाही ठाऊक, बाई. तिथे मला कुणी बोलावलं नव्हतं."

कोंडा खुदकन हसली. मग म्हणाली, "तुला कोण बांधलेलं होतं?"

सगुणाबाईने पिठाचे हात धुतले. "चल, आई वाट बघत असेल."

कुसाबाई बाजेवरून अर्धवट उठली. सगुणाबाईने पोरीला तिच्याजवळ बसवलं. "ही घे तुझी."

"असं बोलू नका हो मावशी! तुमचीच आहे ती."

"नाही. तुझी."

कोंडा तोवर आईचा पदर बाजूला सारून तिचं पोट निरखत होती. सगुणाबाई घरी आली तेव्हा तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती.

दोन पावसाळ्यांनंतर सगुणाबाई अंथरुणाला खिळली. कोंडा रोज पेज घेऊन यायची. त्या दिवशी म्हातारीने पेज बाजूला सारली आणि पांघरुणातून हात बाहेर काढले.

"नखं वाढलीत बघ. दगड आण जरा. कुणी बोलवायला आलं तर?"