जिन्यातल्या जांभळ्या चपला

भानुदासचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. भानुदास जाधव कन्नड तालुक्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे, आणि एरवी तो फोनवर आधी पाऊसपाण्याचं बोलतो, मग कामाचं. त्या दिवशी पाऊसपाणी आलंच नाही. "सर, साळवेबाई गेल्या," एवढंच म्हणाला. दोघांनीही फोन ठेवला नाही... बऱ्याच वेळानं त्याच्याकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. ती त्याची बायको वंदना होती, हे नंतर कळलं.

सुशीला साळवे पैठणच्या. तिथल्याच एका छोट्या ग्रंथालयात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरात लेकीकडं राहायला आल्या. आमची ओळख त्याआधीची, आणि ती माझ्या फजितीनं झाली. खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालयांतल्या लोकांना प्रशिक्षण देणं हे तेव्हा माझ्या नोकरीचं काम होतं. म्हणजे मी कार्यशाळा भरवत असे. कार्यशाळेला फलक लागे, समई लागे, आणि समई पेटवायला असा पाहुणा लागे, जो शाळा सुटल्यावर ग्रंथालयात फिरकलेला नाही. त्या दिवशी स्वागत, प्रास्ताविक, शाली आणि नारळ यांतच जेवणाची वेळ झाली. "काही शंका?" असं मी रीत म्हणून विचारलं, तर मागच्या रांगेतून एक ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या बाई उठल्या. "सर, पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं ते सकाळपासून शिकलो. वाचकाचं कसं करायचं ते जेवणानंतर हाय का?"

सभागृह हसलं. मीही हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं. जेवणानंतर वर्गीकरणावर व्याख्यान होतं, आणि ऐकणारे निम्मे लोक झोपले होते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतःचाच वर्ग काढला. शहरातल्या गुलमंडी बाजारात रशीदभाईंचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली त्यांनी मागून घेतली. दर शनिवारी दुपारी पैठण, कन्नड, वैजापूर अशा बाजूंनी एसटीनं पाच-दहा ग्रंथपाल यायचे. फलक नाही, समई नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. निवृत्तीनंतर घरात मला फारसं कुणी विचारेना, तेव्हा मीही जाऊ लागलो. बाई दाराबाहेर जायच्या आणि कुणीतरी होऊन आत यायच्या. कधी अडाणी म्हातारी, कधी भरतीचा अभ्यास करणारा पोरगा, कधी सासूला न सांगता आलेली सून. समोर बसलेल्या ग्रंथपालानं त्यांचं काम करून द्यायचं. पहिल्या दिवशी प्रत्येक जण चुकायचा, कारण प्रत्येक जण विचारायचा, "कोणतं पुस्तक पाहिजे?" बाई दारातच उभ्या राहून म्हणायच्या, "पुस्तकाचं मागून बघू. चपला कुठं काढू?"

चपला हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा होता, आणि माझ्या मते शेवटचाही. कुठल्याही ग्रंथालयाची पाहणी त्या उंबऱ्याबाहेर करत. नोंदवही मागत नसत. "वही खोटं बोलती, चपला बोलत न्हाईत," म्हणत. दारात नुसते पुरुषांचे जोडे पडलेले दिसले, तर बाई आणि पोरी तिथूनच माघारी फिरतात. त्यांना कुणी नको म्हणावं लागत नाही. म्हणून पुरुषांच्या चपला भिंतीच्या मागल्या अंगाला आणि दारासमोरची जागा बायांसाठी, असा त्यांचा नियम. तो गुलमंडीच्या जिन्यातही लागू होता. रशीदभाई कुरकुरत, "आपा, ये चप्पलां देखके गिऱ्हाईक समझते मैं जूतियां बेचने लगा." बाई म्हणत, "मग विका की. कापड तरी कुठं खपतंय?"

भानुदास या वर्गात आला तो घाबरून. त्याचं ग्रंथालय बारा वर्षं ग्रामपंचायतीशेजारच्या एका खोलीत होतं, आणि सरपंचांना ती खोली सोसायटीच्या खताच्या पोत्यांसाठी हवी होती. "पेपर वाचणाऱ्या चार म्हाताऱ्यांसाठी खोली कशाला अडकवायची?" हा त्यांचा सवाल, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा नव्हता. खोली गेली की भानुदासची नोकरीही जाणार होती. त्यानं बाईंना गळ घातली, की एकदा येऊन बघा आणि सरपंचांना चार शब्द सांगा.

आम्ही कन्नडपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेलो. ग्रंथालयासमोर सरपंच उभे होते, भानुदास घाम पुसत होता, आणि दारासमोर बायकांच्या चपलांचे चार जोड होते. आत चार म्हातारे, त्यांतले दोन झोपलेले. बाईंनी चपलांकडं पाहिलं, मग आत पाहिलं.

"बाया दिसत न्हाईत," सरपंच म्हणाले.

"आत्ताच गेल्या," भानुदास म्हणाला.

"अनवाणी गेल्या व्हय?" बाईंनी विचारलं.

जागा असलेला एक म्हातारा पेपराआड खुसखुसला. भानुदासनं मान खाली घातली, ती वर येईना. मला वाटलं, संपलं. बाई मात्र म्हणाल्या, "भानुदास, ज्यांच्या चपला त्यांना सांगावा धाडा. न्यायला या म्हणावं." थोड्या वेळानं वंदना आली. अनवाणी, तापलेली. "सकाळधरनं हुडकतीय! माझ्या, जावंच्या, आत्याबाईच्या... चोर घरातच निघाला की वो!"

बाईंनी तिला खुर्ची दिली. "आलाच हाव तर दोन मिनिटं टेका. काय वाचायला आवडंल?" वंदना म्हणाली, "मला कुठला येळ?" मग जराशानं, नवऱ्याकडं न बघता, म्हणाली, "लेकीला नर्सिंगला घालायचंय. फारम कसा भरायचा त्ये कुठं लिवलेलं असतं का?"

बाई भानुदासकडं वळल्या. "हे तुमच्या घरातलं गिऱ्हाईक. बारा वर्सं दाराबाहेर हुबं हाय." आणि सरपंचांना म्हणाल्या, "आज यांनी तुम्हाला खोटं दाखवलं. दिवाळीनंतर खरं बघायला या. तवर खोली राहू द्या." माणसानं स्वतःची बाजू मांडताना आधी स्वतःचीच चोरी कबूल करावी, हे सरपंचांच्या राजकारणात बसत नसावं. ते गोंधळून "बरं" म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, दारातच कसं ओळखलंत? बाई म्हणाल्या, "चपला काढलेल्या नव्हत्या, ठिवलेल्या होत्या. चारी जोड सरळ, वळीत. घाईतली बाई अशा काढती का? एक हिकडं पडती, एक तिकडं." मग जरा थांबून, "युक्ती वाईट नव्हती त्याची. करता आली न्हाई एवढंच." मी न विचारताच त्यांनी सांगितलं, की लहानपणी वडलांनी त्यांना एकदा ग्रंथालय दाखवायला नेलं होतं. वडील दारापाशी थांबले, तिथले पॉलिश केलेले जोडे बघत राहिले, मग आपल्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, पुन्हा येऊ. "कुणी हाकललं नव्हतं, सर. तिथं कुणी नव्हतंच..." पुन्हा वडील कधी आले नाहीत. बाई आल्या, पण नोकरीला लागल्यावर.

दिवाळीनंतर सरपंच पाहणीला गेले, तेव्हा त्यांना दारात पाय ठेवायला जागा सापडली नाही. वंदनानं जावेला आणलं होतं, जावेनं शेजारणीला, आणि पोरींनी अभ्यासासाठी एक कोपरा बळकावला होता. खताची पोती सरपंचांच्या पडवीत गेली, आणि वंदनाची लेक नर्सिंगला.

बाईंच्या घरी बुद्धवंदनेला मी गेलो होतो. भाषणं नव्हती; तशी त्यांची ताकीदच होती. खेड्यांतले ग्रंथपाल भिंतीला टेकून बसले होते आणि बाहेर, कुणी न सांगता, पुरुषांच्या चपला घराच्या मागल्या अंगाला होत्या. शनिवारचं आता काय, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मला तर नाहीच. दाराबाहेर जाऊन म्हातारी होऊन परत येणं मला या जन्मी जमणार नव्हतं.

दोन आठवड्यांनी, बाईंच्या लेकीनं माझ्याकडं दिलेली खोलीची किल्ली परत द्यायला गुलमंडीत गेलो. रशीदभाईंनी जिन्याखालचं एक खोकं माझ्यापुढं सरकवलं. "आपा की चप्पल है. ले जाओ." आत जांभळ्या पट्ट्यांचा एक जोड होता. मी तो ओळखला. दर शनिवारी वरच्या पायरीवर दिसायचा. पण बाई कातडी चपला घालायच्या आणि त्या मी त्यांच्या घरी पाहून आलो होतो. मी जोड उलटा केला. पट्टे धुळीनं विटले होते, पण तळावरची नक्षी कोरी होती. तो कधी कुणाच्या पायात गेलाच नव्हता.

"सबसे पहले आती थी ना," रशीदभाई म्हणाले. "खोके में से निकालती, पायरी पे डालती, फिर पाँव से टेढ़ी करती. पहले साल सब मर्द ही आते थे. अकेली लड़की ऊपर कैसे चढ़ती?"

भानुदासची युक्ती बाईंना वाईट का वाटली नव्हती, ते मला तिथं, जिन्याखाली, इतक्या वर्षांनी कळलं... किल्ली मी खिशातच ठेवली.

मागच्या शनिवारी, सगळ्यांना वर्गाचा निरोप धाडून, मी एक वाजताच गेलो. जांभळा जोड वरच्या पायरीवर ठेवला. सवयीनं सरळच ठेवला गेला. मग पायानं एक चप्पल जराशी ढकलली, दुसरी तिच्यावर अर्धी चढवली, आणि आत जाऊन बसलो. पैठणकडच्या एका ग्रंथालयात नव्यानं लागलेली मुलगी येणार होती. पावलं जिन्यात अर्ध्यावर येऊन थांबली. खाली भानुदासचा आणि इतर दोघा-तिघांचा आवाज चालू होता.

मग पावलं वर येऊ लागली.

"सर," दारातून आवाज आला, "चपला इथंच काढू का, या ताईंच्या शेजारी?"