खिडकीजवळच्या टेबलावरचे गृहस्थ

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी मी विश्रामबागेतल्या मोजणी कचेरीत कारकून म्हणून लागलो. तिथं खिडकीजवळच्या टेबलाशी एक निवृत्त फौजी बसायचे. दहाच्या ठोक्याला हजर. आधी दाभणाचं टोक बोटावर तपासायचे, मग सुटे कागद तारखेप्रमाणे लावून दोऱ्यानं शिवत राहायचे. आम्ही चहाला गेलो तरी ते उठत नसत.

महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की हे मस्टरवर सही करत नाहीत. विचारलं, तर म्हणाले, "आवं, मी नोकरीला कुठं हाय? कवठे महांकाळचा मी. बांधाच्या मोजणीचा अर्ज दिलाय. सायेब म्हणलं, 'बसा, बघतो.' मग बसलो. अर्ज घावंना, म्हणून मीच हुडकायला लागलो."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. नुसतं हुडकलं तर कागद पुन्यांदा विस्कटत्यात. म्हणून शिवत जातो."

साहेबही त्यांना कारकूनच समजत. सुगीला त्यांनी रजा मागितली, तेव्हा कामाचं कारण सांगून नाकारली होती.

एका दुपारी अर्ज सापडला. तो त्यांनी उभं राहून दोनदा वाचला. मी म्हणालो, "द्या इकडं, आत्ता साहेबांची सही आणतो."

त्यांनी तारीख पाहिली आणि अर्ज गठ्ठ्यात खाली सरकवला.

"ह्याच्या आदी अठरा जणांचं हायत," ते म्हणाले. "ती मान्सं पन बसलीच असतील की कुठंतरी."