यमुनाचा बिबट्या आणि माझा पिंजरा

या, असं जवळ सरका. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेवा! माझा पिंजऱ्यातला व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलात, हसून हसून पोटं धरलीत, वर आणखी चार जणांना पाठवलात. पण एकानं तरी फोन करून "हौसाक्का, लागलं का हो कुठं?" असं विचारलं? नाही विचारलं. (भोंगवलीच्या माझ्या सख्ख्या बहिणीनं फोन केला, तो "साडी कुठली नेसली हुतीस गं?" हे विचारायला.) आता बसा गप, आणि माझ्या तोंडून ऐका.

तर, मी बिबट्याच्या पिंजऱ्यात दोन तास होते, आणि माझ्या आधी त्यात बिबट्या कधी आलाच नव्हता.

दोष सगळा यमुनाचा. यमुना म्हणजे आमची इथली भोरमधली शेजारीण, भिंतीला भिंत. आम्ही दोघी एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आलो; ती माझ्याआधी पंधरा दिवस. ते पंधरा दिवस ती आजपर्यंत मिरवते. नळ आधी तिच्या दारात आला. नातवंड आधी तिला झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तिचंच आधी झालं, आणि महिनाभर काळा चष्मा लावून ती आळीतून अशी फिरली, की माझे डोळे चांगले आहेत याचं मलाच वाईट वाटायला लागलं! तेही मी गिळलं. पण बिबट्याही आधी तिलाच दिसावा?

दिसला खरा. आमच्या घरांच्या मागं परस आहे, परसाच्या मागं ओढा, आणि ओढ्यापलीकडं उसाचं शेत. दिवेलागणीला यमुना भांडी घासायला मागं गेली, तर ओढ्याच्या काठावर हा उभा. हिनं हातातल्या ताटावर उलथनं बडवलं, आणि तो गेला निघून. एवढीच गोष्ट! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात दत्तूभाऊ हजर. दत्तूभाऊंचा खरा धंदा फोटो स्टुडिओचा. पण लग्नसराई संपली की ते मोबाईल काठीला लावून बातम्या देतात. कुठली एसटी घाटात बंद पडली, कुणाची म्हैस विहिरीत पडली, सगळं भोर त्यांच्याकडूनच ऐकतं.

"बिबट्या समोर आल्यावर काय वाटलं, काकू?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"त्येनं माज्याकडं बगितलं, म्या त्येच्याकडं बगितलं," यमुना पदर सावरत म्हणाली. "मग त्योच लाजला."

झालं! संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या तालुक्यात पोचलं. महिला मंडळानं तिला शाल, नारळ आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दिला. (त्या झाकणाचा घट्टपणा तिनं मला तीन वेळा उघडून दाखवला.) पुण्याहून माझ्या लेकीचा फोन आला, माझ्या लेकीचा, बरं का! "आई, यमुनाकाकू काय भारी बोलल्या गं!" मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतायत." ती म्हणाली, "हो, पण 'त्योच लाजला', काय सुचतं ना काकूंना!"

आणि मग बाजारात ते झालं. मी मेथीची जुडी निवडत होते, तर भाजीवाली माझ्याकडं निरखून बघत म्हणते, "तुमी त्या बिबट्यावाल्या यमुनाबाईंच्या शेजारच्या न्हवं?"

चाळीस वर्षं मी तिच्याकडून मेथी घेतेय! चाळीस वर्षं मी हौसाक्का होते, आणि एका उलथन्यानं मी 'शेजारची' झाले! मी जुडी खाली ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "तिला एकदाच दिसला. माज्या परसात त्यो रोज येतो."

"रोज?" भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"रोज. पिल्लं घिऊन."

(पिल्लं कुठून आली, मला विचारू नका. खोट्याचं तसंच असतं, आपण एक सांगावं तर ते आपलं आपणच वाढतं.)

मी घरी पोचेपर्यंत दत्तूभाऊ आमच्या ओट्यावर चहा पीत होते. समोर आमचे हे बसलेले. हे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. यांचं बोलणं तिकिटाएवढं.

"रोज येतो?" यांनी विचारलं.

"येतो."

"मला कसा दिसला न्हाई?"

"तुमी झोपल्यावर येतो!"

हे दत्तूभाऊंकडं वळून म्हणाले, "म्या दुपारी बी झोपतो. लिवा ते बी."

मी आत जाऊन लेकीच्या लग्नातली जरीकाठाची साडी नेसले, नथ घातली आणि परसात उभी राहिले. कुंपणाच्या पलीकडं यमुना कपडे वाळत घालत होती. वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत होती, मला काय कळत नाही का?

"कसा दिसतो बिबट्या, आक्का?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"लई मोटा. रेड्यावानी. अंगावर हे असं काळं पट्टं..."

"पट्टं वाघाला असत्यात, आक्का," कुंपणापलीकडून आवाज आला. "बिबट्याला ठिपकं."

"लांबनं बगितलं की ठिपकं येकमेकाला चिकटत्यात, यमुने!" मी म्हटलं. दत्तूभाऊंनी तेही तसंच घेतलं.

मला वाटलं होतं, आपलाही व्हिडिओ येईल, लेकीचा फोन येईल, आणि झालं तर एखादा डबा मिळेल. पण दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा! टेम्पोत लोखंडी पिंजरा, आणि पुढून उतरले मिशीवाले वनरक्षक साहेब.

"आजी, ठसे दाखवा."

"सडा टाकताना पुसलं गेलं."

"रोजचे रोज?"

"आमच्यात रोज सडा टाकत्यात, सायेब."

साहेबांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "यमुनाबाईंना दिसला हे खरं. त्यांच्या परसात टेम्पो शिरत नाही, म्हणून पिंजरा इथं लावतो. तीन दिवस. तीन दिवसांत काही खूण मिळाली नाही, तर उचलून गुंजवण्याकडं नेणार. तिथं त्यानं दोन शेळ्या नेल्यात, लोक पिंजरा मागतायत."

पिंजऱ्याचे दोन भाग होते. मागच्या खणात शेळी बांधायची, मध्ये जाळी. पुढच्या खणात फळी; बिबट्या शेळीच्या ओढीनं आत शिरला, फळीवर पाय पडला, की मागं दार पडणार आणि खटका आपोआप बसणार. त्याची किल्ली साहेबांच्या खिशात.

"शेळी पायजे का?" यमुना कुंपणाशी येऊन म्हणाली. "माजी घिऊन जावा."

माझ्या पिंजऱ्यात हिची शेळी? म्हणजे बिबट्या सापडला, तर सापडवला कुणी, यमुनाच्या शेळीनं! मी धावत जाऊन माझी चंद्री सोडून आणली. चंद्री माझ्याकडं अशी बघत होती, की पोटच्या पोरीनंसुद्धा तसं कधी बघितलं नाही. पण त्या वेळी मला चंद्री दिसत नव्हती, यमुनाचं तोंड दिसत होतं.

आणि दोन दिवस, काय सांगू, मी राज्य केलं! आळीच काय, पार वेल्ह्याहून एसटीनं कामाला आलेली माणसं वाट वाकडी करून पिंजरा बघायला आली. मी लांबूनच दाखवत होते, "हितनं येतो, हितं थांबतो, हितनं जातो." यमुनाच्या दारावरून माणसं सरळ माझ्याकडं येत होती. तिनं दोनदा ताटसुद्धा बडवलं, पण कुणी वळून बघितलं नाही!

फक्त बिबट्या तेवढा आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दत्तूभाऊंनी बातमी दिली, "हौसाक्कांचा पिंजरा अद्याप रिकामाच". खाली यमुनाच्या सुनेनं हसण्याची चार तोंडं टाकली होती. उद्या साहेब येणार, पिंजरा उचलणार, आणि उरलेल्या आयुष्यभर मी कोण? खोटारडी, तीही यमुनाच्या शेजारची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला गेले, तशी मी एक बटाटा अर्धा कापला, खुरपं घेतलं आणि परसात गेले. पिंजऱ्यासमोरच्या ओल्या मातीत बटाट्याचा अर्धा भाग दाबला, तो झाला तळवा. मूठ करून त्याच्यापुढं बोटांची पेरं दाबली, ती झाली बोटं. काय सुरेख उमटला पाय! एक झाला, दोन झाले, आठ झाले. मला हुरूपच आला. नुसता आला न् गेला असं कसं, आत डोकावला पाहिजे, आतल्या गजाला नख्या घासल्या पाहिजेत! मी खुरपं घेऊन वाकले आणि पिंजऱ्यात डोकं घातलं. खुरपं पोचेना. आणखी जरा पुढं सरकले. फळी लक्षात होती बरं का! फळी चुकवूनच पाय टाकणार होते. तेवढ्यात चंद्री एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की मी दचकले, आणि...

धाड!

सगळं शांत झालं. चंद्रीसुद्धा. तीन दिवस घसा फोडून ओरडणारी ती, सोबत मिळाल्यावर निवांत खाली बसली आणि रवंथ करायला लागली!

हे दुधाची पिशवी घेऊन आले. पिंजऱ्यासमोर थांबले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं.

"पट्टं न्हाईत," हे म्हणाले.

"अवो, दार उगडा आदी!"

यांनी दार उचलून बघितलं, शेजारच्या दोघांना बोलावून बघितलं. खटका बसला तो बसलाच. साहेबांना फोन लावला, तर साहेब डोंगरात, रेंज नाही. आणि आवाजानं आळी जमली. आळीपाठोपाठ भाजीवाली आली, महिला मंडळ आलं. गर्दी एवढी झाली, की यांच्यातला कंडक्टर जागा झाला. "पुढं सरका, पुढं सरका! दारात थांबू नका! बघून झालं त्यांनी मागनं उतरा!" आणि मी आत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात अर्धा बटाटा.

बटाटा! तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बटाट्याला चिखल, समोर ठसे, आणि कोपऱ्यावरून दत्तूभाऊ काठीला मोबाईल लावत येतायत. आता हे सगळं आख्खा तालुका बघणार. माझी लेक बघणार.

तेवढ्यात गर्दीतून यमुना पुढं आली. हातात चहा. ती माझ्याकडं बघत नव्हती, बटाट्याकडं बघत होती. मग ठशांकडं बघितलं. मग पुन्हा बटाट्याकडं. मी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांचा हिशोब आज ही एका वाक्यात चुकता करणार, आणि ते वाक्य 'त्योच लाजला'पेक्षाही भारी असणार!

"आक्का, चा घ्या," ती म्हणाली. कप गजांतून जाईना, म्हणून तिनं बशीत ओतला आणि बशी गजाला लावून धरली. आणि पदराआडून हळूच, "बटाटा द्या हिकडं."

"काय?"

"द्या म्हनते ना! दत्त्या आला."

मी बटाटा दिला. तो तिच्या पदरात गेला, आणि ती दत्तूभाऊंकडं वळली. "तीन दिस मुकं जनावर उपाशी कसं ठिवायचं? आक्का शेळीला पाला घालाय गेल्या, न् दार पडलं. बिबट्या येतो ठावं असून आत शिरल्या! माज्याच्यानं न्हाई झालं असतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खणात पाल्याचं एक पान नव्हतं, पण कुणी बघितलंच नाही.

आणि मला काय वाटलं सांगू? उपकार वाटले असते तर मी शहाणी म्हणायची! मी गजाला तोंड लावून तिचा चहा फुरकत होते आणि माझ्या मनात एकच, बघा, मोठं मनसुद्धा हिलाच माझ्याआधी मिळालं! आयुष्यात मी तिच्यावर एवढी कधी जळले नव्हते.

दोन तासांनी साहेब आले. खटका काढला, मला हाताला धरून बाहेर घेतलं. गर्दी पांगल्यावर ते ठशांपाशी उकिडवे बसले.

"आजी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बिबट्याच्या बोटात अंगठी आहे."

मी माझा हात पदराखाली घेतला. साहेबांनी बुटानं माती सारखी केली आणि कुणाला काही बोलले नाहीत. तीन दिवस त्या गुंजवण्याच्या लोकांचा पिंजरा मी अडवून ठेवला होता, ते त्यांनी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. टेम्पोत पिंजरा चढला, तेव्हा मीच हात लावला.

संध्याकाळी यमुनाच्या घरून वाटीभर बटाट्याचा रस्सा आला, वरून घट्ट झाकण लावून. त्यात बटाट्याच्या फोडी मोजून चार. मी खाल्ला. (मीठ जरा कमी होतं. एवढं तरी मला बोलू द्या!)

आता माझा व्हिडिओ तिच्या व्हिडिओपेक्षा लांबवर गेलाय म्हणतात. पण भाजीवाली परवा काय म्हणाली? "त्या दयाळू यमुनाबाई ज्यास्नी चा पाजत हुत्या, त्या तुमीच न्हवं?"

म्हणून म्हणते, पुढच्या वेळी लांब बसून मोबाईलवर बघण्यापेक्षा असेच घरी या. भोरला एसटीतून उतरा आणि सरळ चालत या. आमचं दार दिवसभर उघडं असतं, आणि ते आपोआप पडत नाही. फक्त आळीत शिरल्यावर आधी यमुनाचं घर लागतं. तिथं थांबू नका. ती चहा विचारेल, घेऊ नका. फार चांगला करते मेली!