ताबा शांततेत घेतला

गोटीराम बेलीफानं मला पहिल्या पंधरा मिनिटांत मारलं. पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या थेट तोंडावर. खालचा ओठ फाटला, शर्ट रक्ताचा आणि पाण्याचा झाला. माझं खातं कुठलं ते सांगायची मला मुभा नाही, पण सरकारी माणसावर हात टाकला की काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याची सगळी नोकरी कोर्टात गेली होती.

झालं होतं असं. एका जिल्हा न्यायाधीशांचं नाव हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी गेलं होतं. असं नाव गेलं की माझ्यासारखा कुणीतरी साहेबांच्या जुन्या कोर्टांतले शिपाई, कारकून, वकील गाठतो आणि साहेबांची वागणूक कशी होती, काही भानगड होती का, याची चौकशी करतो. खरं बोलायचं तर माझा अहवाल बहुतेक वेळा आधीच टाइप केलेला असतो. 'प्रतिकूल काही आढळले नाही.' नावं भरायची, सह्या घ्यायच्या, चहा प्यायचा. कोपरखैरण्यातल्या गोटीरामच्या घरीही मी तोच कागद नेला होता. म्हटलं, "काका, साहेबांबद्दल तुमची काही तक्रार नाही ना? मग इथं सही करा."

त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तांब्या उचलला.

"अवं, काय केलंसा हे!" बायको आतून धावत आली. तिनं माझ्या ओठावर फडकं दाबलं आणि नवऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. गोटीराम रिकामा तांब्या धरून उभा होता. "आदीच लिवून आनतो भडवा," एवढंच म्हणत होता.

मी निघून जायला हवं होतं. पण मला लाज वाटली, ती पहिल्यांदाच वाटली, म्हणून बसून राहिलो.

गोटीराम मूळचा पाटणकडचा. गावातली निम्मी माणसं वाशीच्या मार्केटात पोती उचलायला आली. हा दहावी झालेला, म्हणून कोर्टात चिकटला. हुकूम साहेब लिहितात, दार बेलीफ तोडतो. यानं अठ्ठावीस वर्षं दारं तोडली. लोकांची भांडी रस्त्यावर फेकली, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं. महाप्यात एका बाळंतिणीची खाट ओढताना तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तो व्रण त्यानं मला बाही वर करून दाखवला. चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. "हुकूम व्हता," म्हणाला. मला तो आवडला असं मी मुळीच म्हणणार नाही.

आता बेलीफांची एक रीत सांगतो. पंचनामा जागेवर लिहायचा असतो. पण जागेवर लोक अंगावर येतात, बायका छाती बडवतात, तिथं लिहीत कोण बसणार? म्हणून पंचनामा सकाळीच कोर्टात लिहून ठेवायचा आणि पंचांच्या सह्याही उरकून घ्यायच्या. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'ताबा शांततेत घेतला, कोणाचीही हरकत नव्हती.' यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, मी त्याच जातकुळीतला.

पंधरा वर्षांपूर्वी पावण्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्याचं ताब्याचं वॉरंट निघालं. गोटीराम गेला, तर गाळेवाल्याच्या माणसांनी चालू ग्राइंडर त्याच्या गळ्याजवळ आणला. ठिणग्यांनी कॉलर जळली. त्यानं परत येऊन रिपोर्ट दिला: जिवाला धोका आहे, पोलीस बंदोबस्त मिळावा. आज ज्यांचं नाव हायकोर्टासाठी गेलंय तेच साहेब तेव्हा गोटीरामच्या कोर्टात बसत. महिनाअखेर होती आणि जुनी प्रकरणं निकाली काढल्याचा आकडा वर पाठवायचा होता. साहेबांनी रिपोर्ट फाडला. "उद्या संध्याकाळी ताबा घेतल्याचा कागद टेबलावर पाहिजे. नाहीतर घरी बसा."

दुसऱ्या दिवशी गोटीरामनं नेहमीसारखा पंचनामा लिहिला, सह्या घेतल्या, आणि सामान उचलायला गावचा दोस्त मारोती याला मार्केटातून सोबत घेतलं. मारोती चाळिशीचा, दोन पोती एकदम उचलणारा गडी.

गाळ्यात शिरल्या शिरल्या पहिली सळई गोटीरामच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पंच पळाले. मारोती मध्ये पडला, त्यानं एकाला उचलून वेल्डिंगच्या टेबलावर आपटलं, दुसऱ्याचे दात पाडले. मग पाचसहा जण त्याच्यावर तुटून पडले. पाना, सळया, अँगलचे तुकडे, हाताला लागेल ते. गुडघा फुटला तसा तो खाली बसला, तरी एकाचा पाय सोडत नव्हता. शेवटचा घाव डोक्यात.

पोलीस आले तेव्हा गाळेवाल्यानं वर टांगलेली चेन-पुली दाखवली: सामान काढताना हूक डोक्यात लागला. गोटीरामला साहेबांनी चेंबरमध्ये घेतलं. मोडका खांदा झोळीत, शर्टावर दोस्ताचं रक्त. साहेबांनी पंचनामा पुढं सरकवला. "अक्षर तुझंच ना? शांततेत म्हणतोस. मग मारामारी कुठून आली? खोटा पंचनामा केलास म्हणून आत जायचंय?"

गोटीराम गप्प बसला. मारोती अपघातात मेला.

हे सगळं मी लिहून घेतलं. ओठ ठणकत होता आणि मला साहेबांचा असा संताप आला होता की पेन कागदात रुतत होतं. हा जबाब वर गेला तर नाव अडकणार, हे मला दिसत होतं. मी पेन पुढं केलं.

"थांबा, ऱ्हायलंय," गोटीराम म्हणाला. "शटर म्या वढलं."

"कसलं शटर?"

"गाळ्याचं. मी भाईर आलो आन् शटर खाली वढलं. ते माज्या मागं येतील म्हनून. मारोती आत व्हता. जित्ता व्हता."

बायकोनं तोंडात पदर कोंबला. तिलाही हे आजच कळत होतं.

मी म्हणालो, "काका, हे नको. साक्षीदारच भेकड निघाला म्हणतील, तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. साहेब सुटतील."

त्यानं माझी कॉलर धरली. चांगल्या हातानं, चांगली आवळून. "सुटू दे न्हाईतर लटकू दे. पन अर्धा कागद म्या परत न्हाई लिवनार. लिव!"

मी लिहिलं. त्यानं वाचून सही केली.

दीड महिन्यानं कळलं, साहेबांचं नाव यादीतून गळलं. कारण कुणी सांगत नाही, तशी पद्धत नाही. मी गोटीरामला फोन केला. तो म्हणाला, "मारोतीच्या बायकुला सांगाया पायजे. तुमी या संगं."

ती कांदा-बटाटा मार्केटात कांदा निवडते. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली होती, भोवती फोलपटांचा खच. गोटीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. चेहरा खुलला होता, इतक्या वर्षांत तिला द्यायला आज काहीतरी हाताशी होतं.

"वैनी, त्या साहेबाचं नाव कापलं. म्या समदं लिवून दिलं. मारोतीला मारला, अपघात न्हवता, हे आता कागदावर हाय."

तिचे हात थांबले नाहीत. सडका कांदा एकीकडे, चांगला एकीकडे. "मला काय ठावं न्हवतं व्हय? त्याला आंगूळ मी घातली व्हती." मग तिनं मान वर केली. "येकच सांगा भावजी. त्यानं हाक मारली व्हती?"

"मारली."

"कुनाला?"

गोटीरामनं माझ्याकडं पाहिलं.

"मला," तो म्हणाला. "लई येळ मारत व्हता."

तिनं हातातला कांदा खाली ठेवला, उठली आणि पायातली चप्पल काढली. गोटीरामनं डोक्यावरची टोपी उतरवून मांडीवर ठेवली. पहिल्या फटक्यालाच चार माथाडी पोती टाकून सोडवायला धावले. मी त्यांना अडवलं.