सख्ख्या बहिणींचे नवरे आणि एक मैदान

थोरल्यांचं पोट जेवणानं कधीच बिघडलं नाही; बिघडायचं ते कानानं. गल्लीच्या एका बाजूला त्यांचं छपाईचं दुकान, समोर त्यांच्या साडूचं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांची मशीनं एकाच टेम्पोतून उतरलेली. तरी थोरल्यांचं मशीन म्हाताऱ्यानं जिना चढावा तसं चालायचं, “खर्र… हुश्श… खर्र…” आणि समोरून यायचं “खर्रखर्रखर्रखर्र”, चहाडी सांगायला धावत आलेल्या पोरासारखं.

“ऐक,” थोरले बायकोला म्हणत. “मुद्दाम दार उघडं ठेवतो.”

“उकडतं म्हणून ठेवतात हो ते.”

“आपल्याला काय बर्फात बसवलंय?”

साडू गिऱ्हाइकाला “या या या, बसा बसा बसा” म्हणायचा. थोरले त्याची अशी हुबेहूब नक्कल करत की बायको हसून हसून बेजार व्हायची. मग आपल्याच बहिणीच्या नवऱ्याला हसलो म्हणून त्यांच्यावरच रुसायची.

त्या दुपारी क्लबची ओळखपत्रं चालली होती. मागे हिरव्यागार मैदानाचं चित्र सगळ्यांना तेच, वर सभासदाचं नाव आणि फोटो ज्याचा त्याचा. क्लबच्या सेक्रेटरीबाई येऊन गठ्ठ्याकडे बघतच राहिल्या.

“एवढीशीच? अहो, संध्याकाळी वाटायची आहेत! वेग दिसला नाही तर उरलेली समोर देते. त्यांचं मशीन थांबतच नाही म्हणे.”

ते ‘म्हणे’ थोरल्यांना मिरचीसारखं झोंबलं.

“जाऊन विचारा की त्यांना,” बायको पुटपुटली.

“त्याला? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावीन.”

“लावा. पण आधी बाईंना बाहेर काढा.” एवढं बोलून तिनं उंबऱ्यातूनच हाक मारली, “छोटे, तुझ्या नवऱ्याला पाठव गं जरा!”

साडू हात पुसत हजर. “काय झालं, काय झालं, काय झालं, दादा?” कॉम्प्युटरवर वाकून त्यानं फाईल पाहिली. “अहो, प्रत्येक कार्डाबरोबर अख्खं मैदान नव्यानं पाठवताय. मशीन बिचारं तेच गवत पुन्हा पुन्हा वाचतंय.”

“मग काय, मैदान छापायचं नाही?”

“छापा ना. पण भाडेकरू बदलला म्हणून कुणी घर पाडून बांधतं का? साधी पीडीएफ नको, पीडीएफ-व्हीटी काढा. त्यात मैदान एकदाच जातं, मशीन ते जपून ठेवतं. मग नुसती नावं आणि फोटो पाठवायचे. तुमच्या मशीनला येतं ते. माझ्याला येतं म्हणजे तुमच्याला येणारच.”

फाईल नव्यानं निघाली. सगळे कान टवकारून उभे. “खर्र… हुश्श… खर्र…”

थोरल्यांना आतून गुदगुल्या झाल्या. काम बुडत होतं त्यांचं, पण तोंडावर आपटला होता साडू! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, पण तो अपशकुन काय गोड लागत होता!

साडू डोकं खाजवू लागला. थोरले मात्र ऐकत होते. आडनाव लांबलचक आलं की हुश्श मोठा, आखूड आलं की छोटा. म्हणजे मशीन मैदानावर अडत नव्हतं, नावावर अडत होतं. आणि नावाखाली होती सावली! प्रत्येक नावाखाली धुरकट, मऊ सावली पाडणं ही थोरल्यांची खासियत. ती पडत होती गवतावर, त्यामुळे मशीनला दर वेळी तेवढं गवत सावलीच्या रंगात पुन्हा कालवायला लागत होतं.

उत्तर जिभेवर आलं. थोरल्यांनी दात घट्ट आवळले.

“राहू द्या,” सेक्रेटरीबाई साडूकडे वळल्या. “बाकीची तुम्हीच छापा.”

“नको हो, बाई,” साडू हसत म्हणाला. “मला इथे जमत नाही, ते तिथे काय जमणार? हे काम दादांचंच. मी बसतो त्यांच्याबरोबर.”

हे म्हणजे फारच झालं. हरायचं, तेही इतकं झकास? थोरल्यांना ते बघवेना. “सावली!” ते ओरडले. “सावली काढा ती!”

सावली गेली. मशीननं एकदा घसा खाकरला आणि सुटलं, “खर्रखर्रखर्रखर्र!”

“वा वा वा!” साडू टाळ्या पिटत म्हणाला. “दादांनीच पकडलं बरं का, बाई. माझ्या तर डोक्यातच आलं नव्हतं.”

सेक्रेटरीबाई वेळेत गठ्ठा घेऊन निघाल्या. जाताना म्हणाल्या, “किती मोठ्या मनाचे हो तुमचे साडू!”

थोरले खुर्चीत धपकन बसले.

“आता काय झालं?” बायकोनं विचारलं. “काम झालं, मशीन पळतंय, वर नाव तुमचं झालं.”

“झालं कसलं!” थोरले फणफणले. “मी पकडलं हे मला सांगायचं होतं. तेही त्यानंच सांगून टाकलं!”